दुसरी पसंती

दादा,

तुझ्या दहाव्याला देवरे सर आले होते. सटाण्याहून पहाटेच्या एसटीनं निघून रामकुंडावर पोचले तोवर विधी उरकत आले होते. तिथं त्यांना कुणी ओळखलं नाही, मी ओळखलं. हातात बूट धरून, ओल्या पायऱ्या सांभाळत ते खाली आले आणि आपल्या नानांच्या शेजारी बसले. मग सर अहिराणीत म्हणाले, "मना भाऊ गया, नाना." नानांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

ज्या माणसाची आमदारकी तुझ्यामुळे हुकली, तो तुला भाऊ म्हणत होता. मला तिथं उभं राहवेना. मी वर येऊन चपलांपाशी थांबले.

तुझ्या जुन्या शाळेतल्या लोकांनी तुझ्यावर चार शब्द लिहून मागितले आहेत. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती वर्षं, हे त्यांना ठाऊक आहे, ते लिहितील. मला तुझ्याशी बोलायचं आहे. आणि तुझ्याशी बोलायचं म्हटलं की त्या निवडणुकीपाशीच येऊन थांबते, कारण आपलं बोलणं तिथंच अडकलं होतं. त्यानंतर आपण पाच वर्षं बोललो ते द्राक्षांचं, नानांच्या गुडघ्यांचं, तुझ्या लेकीच्या कॉलेजचं.

तू उभा राहणार हे तू घरात पहिल्यांदा सांगितलंस ते गावी, वणीच्या अलीकडच्या आपल्या मळ्यात. दुपारची जेवणं झाली होती. शिक्षक मतदारसंघातून अपक्ष उभा राहतोय, म्हणालास. नानांना वाटलं तू नेहमीच्या आमदारकीला उभा राहतोयस, म्हणजे भोंगा लावून गाडी फिरणार, गावात सभा होणार. तू त्यांना समजावत बसलास. वर्गात समजवायचास तसंच, घाई न करता. मुंबईत सभागृहं दोन. खालच्या सभागृहाचे आमदार तुम्ही सगळे निवडता. वरची ती विधान परिषद. तिथल्या काहींना खालचे आमदार निवडतात, काहींना झेडपीचे आणि नगरपालिकांचे मेंबर, काहींना पदवीधर, काहींना शिक्षक आणि काहींना राज्यपाल नेमतात. ती कधी बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी थोडे जातात, थोडे येतात. आणि शिक्षकांचा एक आमदार आपल्या नाशिकसकट पाच जिल्ह्यांचा.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मी मत कवा द्यायचं तुला?"

तुमचं मत नाही यात, नाना, असं तू म्हणालास तेव्हा तुझा आवाज खाली आला होता. नाना हसले. पोराला बापाचंच मत नाय, म्हणाले, ही कसली निवडणूक. मग उठून बागेत गेले. वहिनी भांडी आवरत होती, तिला नानांपेक्षा जास्त लागलं. कारण तिलाही मत नव्हतं. झेडपीच्या शाळेत वीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवणारी बाई, पण या निवडणुकीत शिक्षक म्हणजे माध्यमिकचे आणि त्याच्या वरचे. प्राथमिकवाले शिक्षक नाहीत. वहिनी तुला म्हणाली, "आम्ही वाचायला शिकवतो म्हणून पोरं तुमच्यापर्यंत येतात. आणि शिक्षक तेवढे तुम्हीच?"

तुझी ही एक गोष्ट मला आवडायची, तू ओढूनताणून उत्तर आणायचा नाहीस, तेव्हाही आणलं नाहीस. तर तुला सोडून घरात मत एकटीचं उरलं, माध्यमिकला शिकवणाऱ्या माझं.

तू का उभा राहिलास ते मला माहीत होतं. तुझ्या शाळेतली निम्मी माणसं विनाअनुदानित तुकड्यांवर, म्हणजे जवळपास बिनपगारी होती. सकाळी शाळेत शिकवायची, दुपारनंतर कुणी मेडिकलच्या दुकानात, कुणी कुणाच्या बागेत मजुरीला. मुलं त्यांना शाळेबाहेर पाहायची आणि नमस्कार करावा की नाही हे त्यांना कळायचं नाही. हे तू मला एकदा सांगितलंस. दर निवडणुकीला उमेदवार येतात, अनुदानाचं बोलतात आणि सहा वर्षांनी तेच बोलायला परत येतात, म्हणून या वेळी आपल्यातलाच एक, असं तुझ्या मित्रांनी ठरवलं आणि तुला पुढे केलं.

मी दोन महिने तुझ्याबरोबर फिरले. माझी सकाळची शाळा सुटली की गंगापूर रोडवरून निघायचं, तुझ्या गाडीवर मागे बसायचं आणि संध्याकाळपर्यंत जमतील तेवढ्या शाळा करायच्या. तेव्हा मला माझ्या बी.एड.चे दिवस आठवायचे. नाना मला शिकवायला तयार नव्हते, तू तीन दिवस घरात जेवला नव्हतास. मग एक दिवस मला लुनावर बसवून ॲडमिशनला घेऊन आलास, दिंडोरीपासून पुढे रस्ताभर दोघंही घाबरलेलो होतो. मी आज शिक्षिका आहे, मला त्या निवडणुकीत मत होतं, ते तुझ्यामुळे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. भावाला असं कुणी म्हणत नाही.

भांडण झालं ते दुसऱ्या पसंतीवरून.

या निवडणुकीत शिक्का मारायचा नसतो, नावापुढे आकडा लिहायचा असतो. सगळ्यात हवा त्याला एक, त्याच्यानंतरचा त्याला दोन, असं पुढे. एक लिहिलं तरी मत चालतं, बाकीचं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त ज्याला मिळेल तो निवडून आला. तेवढी कुणालाच मिळाली नाहीत तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद करतात आणि त्याच्या मतपत्रिकांवर दोनचा आकडा कुणापुढे आहे ते बघून त्या त्याला देतात. मग पुन्हा खालचा बाद, पुन्हा वाटणी. निकाल लागेपर्यंत.

मैदानात नावापुरते बरेच होते, पण खरे तिघं. एक संस्थाचालकांचा, ज्याच्यामागे गाड्या होत्या. दुसरे देवरे सर, निवृत्त मुख्याध्यापक, संघटनेत आयुष्य घालवलेले. आणि तू. तू तिसरा होतास हे मला फिरताना दिसत होतं. तुलाही दिसत असणार. अशात कुणीतरी उठवलं की तुला देवरे सरांनीच मतं फोडायला उभं केलंय, दोघांचं आतून ठरलंय. त्याच आठवड्यात सर तुझ्या घरी म्हसरूळला आले. माझ्यासमोर म्हणाले, पहिलं तुमच्या लोकांनी तुम्हालाच द्यावं, दुसरं मला द्यायला सांगा, मी माझ्या लोकांना तुमच्यासाठी तेच सांगतो. तू त्यांना चहा पाजलास आणि नाही म्हणालास. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक शाळेत सांगायला लागलास, फक्त एक लिहा, पुढे काही लिहू नका. म्हणजे आपलं कुणाशी ठरलेलं नाही हे स्पष्ट होईल.

मी तुला निफाडच्या रस्त्यावर गाडी थांबवायला लावली. दुसरी पसंती लिहिल्यानं पहिलीला धक्का लागत नाही, हे मी तुला परत परत सांगत होते. तू शर्यतीत आहेस तोवर ती कुणी बघणारही नाही. तू बाद झालास तरच ती उघडेल. आणि तेव्हा तिथं काही लिहिलेलं नसेल तर तुझ्या सगळ्या लोकांचं मत जागच्या जागी संपेल.

तू हेल्मेट काढलंस आणि म्हणालास, "म्हणजे तू धरूनच चालली आहेस, मी बाद होणार."

मी म्हटलं, "ही निवडणूक तुझी आहे का शाळांची?"

त्यावर तू गाडी सुरू केलीस. घरी सोडताना नेहमीसारखा वर आला नाहीस. मतदानाच्या दिवशी सकाळी मी तुला फोन करून सांगितलं, तुझ्यापुढे एक लिहिणार आहे आणि देवरे सरांपुढे दोन. तुला नंतर कळण्यापेक्षा आधी कळावं म्हणून. तू म्हणालास, तुझं मत तुझं. केंद्रावर त्यांनी मला मतपत्रिकेबरोबर जांभळ्या शाईचा पेन दिला, कारण दुसऱ्या पेननं लिहिलेलं चालत नाही. मी दोन्ही आकडे काढले, घडी घातली, पेटीत टाकली आणि बाहेर येऊन झाडाखाली उभी राहिले. मला रडू येत होतं आणि कारण सांगता येत नव्हतं.

मोजणीला मी तुझी प्रतिनिधी म्हणून टेबलाशी होते. पाच जिल्ह्यांच्या पेट्या रिकाम्या करून सगळ्या मतपत्रिका एकत्र मिसळल्या, म्हणजे कुठल्या गावानं कुणाला दिलं ते कळू नये. मग गठ्ठे बांधले. आधी बाद मतं बाजूला काढली आणि तिथंच माझा जीव गेला. कुणी आकड्याऐवजी बरोबरची खूण केली होती. एकानं तुझ्या नावापुढे "सर, आम्ही तुमच्यासोबत आहोत" असं लिहून खाली सही केली होती. सगळी शिक्षकांची मतं होती ती, दादा. सही केलेली मतपत्रिका अधिकाऱ्यांनी मला दाखवली आणि बाद गठ्ठ्यावर ठेवली.

पहिल्या फेरीत तो निम्म्याहून एक जास्तचा कोटा कुणाचाच पूर्ण झाला नाही. संस्थावाला पुढे, त्याच्या मागोमाग देवरे सर, आणि तू तिसरा. खालचे एकेक करत बाद होत गेले, त्यांची मतं इकडेतिकडे गेली. संध्याकाळी तुझं नाव पुकारलं. तुझे गठ्ठे सोडले. अधिकारी एकेक मतपत्रिका उचलायचे, आम्हाला दाखवायचे, तुझ्यापुढे एक आणि बाकी कागद कोरा. ती बाजूच्या ढिगावर. पुढची, तीही कोरी. तुझ्या लोकांनी तुझा शब्द अक्षरशः पाळला होता. मधूनच एखादीवर दोनचा आकडा दिसायचा, त्यातल्या बऱ्याच देवरे सरांच्या. त्यातली एखादी माझीही असेल, पण ती ओळखण्याची सोय नव्हती. तो कोरा ढीग वाढत गेला. अधिकारी त्यांना संपलेल्या मतपत्रिका म्हणत होते.

देवरे सर पडले. जेवढ्यानं पडले त्याच्यापेक्षा तो ढीग कितीतरी मोठा होता. हे तिथल्या सगळ्यांना दिसत होतं. तुलाही. तू येऊन सरांचा हात हातात घेतलास, सर तुला काहीतरी म्हणाले, तू मान हलवलीस. मला तू काही बोलला नाहीस. मीही बोलले नाही. तेव्हा बोलणं म्हणजे तुला पडलेला असताना मारणं होतं. आणि पुढे ते राहूनच गेलं.

नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं तसा तुझ्या हातात बदलीचा आदेश पडला. संस्थेची सुरगाण्याकडे, डोंगरात एक शाखा होती. कारण लिहिलं होतं, प्रशासकीय सोय. निवडून आलेल्या त्या संस्थावाल्याचे आणि तुझ्या संस्थेच्या लोकांचे संबंध सगळ्यांना माहीत होते. देवरे सरांनी संस्थेत फोन करून पाहिला आणि मग तुला म्हणाले, भाऊ, पडलेल्या माणसाचा फोन कुणी उचलत नाही. मी तुला त्या नव्या आमदारांकडेच जा म्हटलं. तू गेलास. दोन तास बाहेर बसवलं, मग बघू म्हणाले. तू परत गेला नाहीस.

सोमवारी सकाळी जायचं, शनिवारी यायचं. वहिनीची नोकरी आणि लेकीचं कॉलेज इथं, म्हणून तू तिथं एकटा खोली करून राहिलास. वाळलास. तुला छातीत जळजळ होते असं तू म्हणायचास आणि आम्ही तुला ॲसिडिटीच्या गोळ्या द्यायचो. तपासायला ये म्हटलं की, पुढच्या रविवारी. रविवारी तू माझ्याकडे यायचास, माझ्या गॅलरीत बसून चहा प्यायचास आणि तिथल्या पोरांचं सांगायचास. नागलीची भाकरी डब्यात आणणारी, ऊसतोडीला आईबाप गेले की धाकट्यांना घेऊन वर्गात बसणारी. त्यांच्याबद्दल बोलताना तुझा चेहरा उजळायचा. मला वाटायचं, आता विचारावं. मग वाटायचं, आज नको, बरा दिसतोय.

त्या दिवशी परिपाठ चालू होता. प्रार्थना झाली, सुविचार झाला, तू खाली बसलास. शिक्षकांनी तुला जीपमध्ये घातलं. तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन नाशिकला हलवायला सांगितलं. घाट उतरून जीप वणीला आली, वणीहून पुढे आपल्या गावावरून गेली. नाना रस्त्याकडेच्या बागेत होते. जीप जोरात गेली ती त्यांनी पाहिली. कुणाचं तरी काहीतरी झालंय, असं सोबतच्या गड्याला म्हणालेही. दिंडोरीच्या पुढे तू गेलास.

नाना आता रोज संध्याकाळी त्या बांधावर जाऊन उभे राहतात. कुणी बोलावलं की येतात. एकदा मला म्हणाले, "हात केला असता तर थांबली असती का गं?" मी म्हटलं, नाही नाना. दुसरं काय म्हणणार?

मला राग आहे तुझा. हे दहाव्याला कुणाला सांगता आलं नाही म्हणून इथं सांगते. कोऱ्या मतपत्रिकांचा तो ढीग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. देवरे सर निवडून आले असते तर त्यांनी तुझी बदली होऊ दिली नसती. तू म्हसरूळच्या घरात असतास, दवाखाना दहा मिनिटांवर असता. मी हे जुळवत बसते आणि मग मला माझीच भीती वाटते, की भाऊ गेल्यावरही ही बाई भांडणात कोण बरोबर होतं तेच मोजतेय.

गेल्या शनिवारी वहिनी आणि मी तुझं सामान आणायला गेलो. खोलीत फार काही नव्हतं. गादी, स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेला शर्ट तसाच. वहिनीनं तो घडी न घालता पिशवीत ठेवला. मुख्याध्यापकांनी आम्हाला शाळेत नेऊन चहा दिला. तिथं एक तरुण बाई येऊन बसल्या, गावित मॅडम, विज्ञान शिकवतात, त्याच भागातल्या आहेत. आजूबाजूच्या शाळांमधल्या शिक्षकांची नावं नव्या मतदार यादीत घालायचं काम तू चालवलं होतंस, हे त्यांनी सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. एवढ्या डोंगरात आमची नोंदणी करायला याआधी कुणी आलंच नव्हतं, म्हणाल्या.

मग त्या म्हणाल्या, "मत कसं द्यायचं ते सरांनी फळ्यावर काढून शिकवलं आम्हाला. एकवर थांबायचं नाय, शेवटपर्यंत आकडे लिहायचे. आपला माणूस पडला तरी आपलं मत पडू द्यायचं नाय, असं म्हणायचे."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"मला हे माझ्या बहिणीनं आधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, असंही सांगायचे. प्रत्येक शाळेत सांगायचे. त्या बहीण तुम्हीच का?"

वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, हीच ती.

प्रत्येक शाळेत, दादा. अनोळखी माणसांसमोर, उभं राहून. आणि रविवारी माझ्या गॅलरीत समोरासमोर बसून तुझ्या तोंडून ते निघालं नाही. मला ते ऐकायचं होतं का, आता नक्की सांगता येत नाही. ते तू म्हणाला असतास तर मी तुला गप्प केलं असतं, जाऊ दे म्हटलं असतं, चहा गार होतोय म्हटलं असतं.

गावित मॅडम उठायला लागल्या, त्यांचा तास होता. मी त्यांना थांबवलं आणि विचारलं, आणखी काय काय सांगायचा तो? मुख्याध्यापकांनी त्यांच्या वर्गावर दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं. त्या परत बसल्या आणि सांगत राहिल्या. शाळा सुटली, पोरं गेली, आमचा गाडीवाला दोनदा डोकावून गेला, तरी मी ऐकत बसले होते.